ओटीपी आला का, मामा?

चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये नोव्हेंबर हा पेन्शनरांचा महिना. ईशान्य मोसमी पावसाची सर नुकतीच येऊन गेलेली असते, रस्त्याच्या कडेला पाणी साचलेले असते आणि झेरॉक्सच्या दुकानात काउंटरला टेकून सत्तरी-पंचाहत्तरीचे एखादे गृहस्थ उभे असतात. हातात कापडी पिशवी. पिशवीत बँकेचे पासबुक, प्लास्टिकच्या पाकिटातले आधार कार्ड आणि पेन्शन पेमेंट ऑर्डरचा नंबर लिहिलेला, घड्यांवर फाटत आलेला कागद. आपण अजून हयात आहोत, एवढेच त्यांना सरकारला कळवायचे असते.

दुकानातला पोरगा, म्हणजे इथल्या भाषेत तंबी, मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरतो. त्यासाठी फोनमध्ये दोन अ‍ॅप लागतात. एक ‘जीवन प्रमाण’चे, दुसरे आधारच्या नोंदीतला चेहरा ताडून पाहणारे. आधी फोन चालवणाऱ्याचीच ओळख पटवायची असते, मग पेन्शनरची पाळी येते. चष्मा काढा. उजेडाकडे तोंड करा. पापण्या मिटा, उघडा. पुन्हा मिटा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटचा उजेड कपाळावर पडतो आणि फोनला चेहरा पटत नाही. दुकानाबाहेर येऊन पुन्हा तेच. ‘ओटीपी आला का, मामा?’ ओटीपी आलेला असतो, पण बेंगळुरूच्या मुलीच्या फोनवर. कारण नोंदवलेला नंबर तिचा, आणि मुलगी त्या वेळी मीटिंगमध्ये. अर्ध्या तासाने सगळे जुळून आले की प्रमाण आयडीचा एसएमएस येतो, तंबी त्याची प्रत छापून देतो, आपले पैसे घेतो आणि पुढच्या मामींकडे वळतो.

हयातीच्या दाखल्याची ही सोय वाईट आहे, असे कोणी म्हणणार नाही. 10 नोव्हेंबर 2014 रोजी ती सुरू झाली, त्याआधी पेन्शनरला दरवर्षी बँकेत किंवा ट्रेझरीत जाऊन रांगेत उभे राहावे लागे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे तर फारच हाल. सुरुवातीला बोटांचे ठसे किंवा डोळ्याचे बुबुळ लागे. म्हाताऱ्या बोटांचे ठसे पुसट झालेले असतात, म्हणून नोव्हेंबर 2021 मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची युक्ती आली. आता दरवर्षी मोहीम निघते आणि असे दाखले एक कोटीच्या वर जातात. आकडा खरा आहे. पण त्या आकड्यात तंबी कुठेच दिसत नाही. सरकारी कागदावर मामांनी हे सगळे स्वतः, घरबसल्या केलेले असते.

वेस्ट मांबलम हे काही मागासलेले ठिकाण नव्हे. मांबलम स्टेशनच्या पूर्वेला साड्या आणि सोन्याच्या दुकानांचे टी. नगर, पश्चिमेला हे. लेक व्ह्यू रोडवरून आता कोणताही तलाव दिसत नाही. आहेत ती एकमेकांना खेटून उभी राहिलेली अपार्टमेंट, मेस, अप्पळम-वडामची (पापड-कुरडयांची) दुकाने, कॉमर्सचे क्लास आणि प्रवचनांनी भरलेले अयोध्या मंडपम. पुण्याच्या सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला इथली कडक शिस्त आणि कडक मते ओळखीची वाटतील. रेल्वे, पोस्ट, बँका आणि सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त झालेली माणसे इथे पिढ्यानपिढ्या राहतात. अनेकांची मुले बेंगळुरूला, सिंगापूरला, अमेरिकेत. चेन्नईत विखुरलेल्या तंजावरी मराठी कुटुंबांतल्या रावांनाही हाच नोव्हेंबर आणि हाच ओटीपी. ही माणसे शिकलेली आहेत, इंग्रजीत तक्रारीचा मसुदा कसा लिहावा हे त्यांच्याकडून शिकावे. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस स्वतःच्या खात्यातली शिल्लक पाहायला शेजाऱ्याच्या मुलाला हाक मारतो, हे इथले रोजचे दृश्य.

आणि त्याच रस्त्यावर, देवळाबाहेर मोगऱ्याचे गजरे हाताच्या मापाने मोजून विकणाऱ्या बाईंच्या टोपलीशेजारी क्यूआर कोडचा फलक असतो. पैसे आले की लहानसे यंत्र तमिळमध्ये रक्कम मोठ्याने सांगते. बाईंना वाचता येत असो-नसो, कानांनी काम भागते. यूपीआयवर ऑगस्ट 2025 या एका महिन्यात 2,000 कोटींहून जास्त व्यवहार झाले, त्यांत असे गजरेही आहेत. म्हणजे डिजिटल दरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे टॉवर नसलेले गाव आणि निरक्षर शेतकरी उभा राहतो, ते चित्र अर्धेच आहे. बाईंच्या हाती बोलणारे यंत्र आले आणि त्यांचे काम झाले. मामांच्या हाती आला तो इंग्रजी फॉर्म, कॅप्चा आणि तीन मिनिटांत संपणारा ओटीपी. (बाईंचेही सगळे गोड नाही. फलकामागचे खाते पुष्कळदा मुलाचे असते आणि दिवसभराची कमाई त्याच्या फोनवर दिसते.)

सरकारी भाषेत ही दरी मोजायची पद्धत मात्र ठरलेली आहे: किती फोन, किती किलोमीटर फायबर, किती प्रमाणपत्रे. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान 2017 मध्ये सुरू झाले आणि मार्च 2024 मध्ये संपले. 6 कोटींचे लक्ष्य होते, प्रशिक्षण 6 कोटी 39 लाख लोकांचे झाले. वीस तासांचा अभ्यासक्रम, शेवटी परीक्षा. लक्ष्य ओलांडले, फाइल बंद. या योजनेच्या पात्रतेच्या अटींत वय होते 14 ते 60. साठीच्या पुढचा माणूस शिकणार नाही किंवा त्याला शिकवून उपयोग नाही, असे कुणी तरी गृहीत धरले असणार. त्यातून योजना ग्रामीण. वेस्ट मांबलमचे मामा दोन्ही अटींनी बाहेर. तमिळनाडूत 2021 च्या अंदाजाप्रमाणे साठीच्या पुढचे लोक 13.6 टक्के, केरळखालोखाल देशात सर्वांत जास्त. महाराष्ट्रातही हा आकडा 11.7 टक्के, देशाच्या सरासरीपेक्षा वरच. इतक्या लोकांना अभ्यासक्रमाबाहेर ठेवून साक्षरता पूर्ण झाली, असे म्हणण्यात एक प्रकारची निर्दय कार्यक्षमता आहे.

फोन वाटून दरी बुजत नाही, याचा पुरावा तरुणांतही आहे. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या 2023 च्या अहवालात ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयोगटातल्या जवळजवळ 90 टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो वापरताही येत होता. पण ज्यांना वापरता येतो, त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे 43.7 टक्के आणि मुली 19.8 टक्के. घरात फोन आला, तो भावाच्या खिशात गेला.

या प्रश्नावर चेन्नई-पुदुच्चेरीच्या भागात पंचवीस-सत्तावीस वर्षांपूर्वी फार चांगले काम झाले होते, त्याची आठवण आज कुणी काढत नाही. चेन्नईत तरमणीला एम. एस. स्वामिनाथन रिसर्च फाउंडेशन आहे. या संस्थेने 1998 मध्ये पुदुच्चेरीच्या खेड्यांत ज्ञानकेंद्रे सुरू केली. मध्यवर्ती केंद्र विल्लियनूरला. वीरमपट्टिनम हे त्यातले एक कोळ्यांचे गाव. तिथल्या केंद्रात रोज अमेरिकन नौदलाच्या संकेतस्थळावरून लाटांच्या उंचीचा अंदाज उतरवून घेत आणि तो तमिळमध्ये लाउडस्पीकरवरून गावभर ऐकवत. गावातल्या प्रत्येक कोळ्याला संगणक शिकवण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. त्याला फक्त उद्या पहाटे होडी घालावी की नाही, एवढे हवे होते, आणि ते त्याला जाळे विणता विणता, किनाऱ्यावर बसून ऐकू येत होते. केंद्र चालवणारी माणसे गावातलीच, बहुधा बायका.

जवळच्या नल्लवाडू गावातही असेच केंद्र आणि असाच लाउडस्पीकर होता. 26 डिसेंबर 2004 च्या सकाळी या गावचा, सिंगापूरला नोकरी करणारा एक तरुण तिथे टीव्हीवर सुनामीची बातमी पाहतो आणि गावात फोन करतो. फोन घेणारे ज्ञानकेंद्राकडे धावतात, लाउडस्पीकरवरून घोषणा होते, आणि साडेतीन हजारांहून जास्त वस्तीचे गाव लाट येण्यापूर्वी रिकामे होते. घरे गेली, होड्या गेल्या, माणसे वाचली. त्या दिवशी वापरलेली साधने होती एक टेलिफोन आणि एक भोंगा. पण त्यामागे काही वर्षे रोज त्या भोंग्यावर खरी, कामाची माहिती देणारी माणसे होती. म्हणून लोकांनी आवाज ऐकताच विश्वास ठेवला.

महाराष्ट्राची गोष्ट ही ज्ञानकेंद्रे सुरू झाली त्याच वर्षीची, पण वेगळ्या वळणाची. 1998 मध्ये वारणा खोऱ्यात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या 70 गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आला. वारणेचा साखर कारखाना आणि त्याभोवतीचे सहकाराचे जाळे आधीच पक्के. नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरने संगणकीकरणाचे काम अंगावर घेतले. शेतकऱ्याला बाजारभाव कळतील, शेतीचा सल्ला मिळेल, दाखले मिळतील, जगाशी संपर्क होईल, अशी स्वप्ने होती. देशभरातून पाहुणे पाहायला येत. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे संशोधक तिथे गेले, तेव्हा गावच्या केंद्रातल्या संगणकाचा उपयोग मुख्यतः उसाच्याच कामाला होत होता: तोडीची पाळी, वजन, खताचा हिशेब. त्यांनी 7 गावांत 8 महिने एक प्रयोग केला. संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस. तेच काम झाले, खर्च कमी झाला, आणि शेतकऱ्याला केंद्राच्या वेळा पाळाव्या लागल्या नाहीत. शेतकऱ्याला काय हवे ते शेतकऱ्याला विचारायला सात-आठ वर्षे लागली, असाही या कथेचा एक अर्थ लावता येतो.

चेन्नईच्या आयआयटी मद्रासमध्ये प्राध्यापक अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने याच सुमारास ‘कॉरडेक्ट’ हे स्वस्त बिनतारी तंत्रज्ञान तयार केले होते. त्यावर ‘एन-लोग’ नावाच्या कंपनीने खेड्यापाड्यांत इंटरनेटची केंद्रे काढली. गावातल्याच एखाद्या होतकरू तरुणाने किंवा तरुणीने साधारण पन्नास हजारांचे भांडवल घालायचे आणि केंद्र चालवायचे. मदुराई जिल्ह्यातल्या मेलूर तालुक्यात हार्वर्ड आणि एमआयटीच्या मदतीने असाच ‘सारी’ प्रकल्प झाला. त्या केंद्रांतून डोळ्यांचे फोटो मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात जात, अर्ज तालुक्याला जात. पुढे त्यांतली बरीच केंद्रे बंद पडली. अभ्यासकांनी कारणे शोधली तेव्हा तंत्रज्ञान हा त्यातला एक मुद्दा होता. पण केंद्रचालकाचे पोट त्यावर भरत नव्हते आणि त्याला आधार देणारी संस्था मागे उभी नव्हती, हे जास्त महत्त्वाचे निघाले. ज्याच्या जिवावर सगळा डोलारा, त्याच्या पगाराचे गणित कोणी घातलेच नव्हते.

या तिन्ही प्रयोगांत मधे एक माणूस आहे. वीरमपट्टिनमला तो टिकला, मेलूरला उपाशी राहिला. गेल्या दहा वर्षांच्या डिजिटल धोरणाचा मोठा अभिमान असा, की आता मधला माणूस उरला नाही. दलाल गेला, लाच गेली, थेट खात्यात पैसे. त्यात तथ्य आहेच, आणि जुन्या खिडकीपलीकडच्या बाबूची आठवण काढून गहिवरण्यात काही अर्थ नाही. ‘उद्या या’ हे दोन शब्द ऐकत म्हातारी झालेली पिढी अजून हयात आहे. पण मधला माणूस नाहीसा झालेला नाही. तो खिडकीच्या आतून उठून झेरॉक्सच्या दुकानात येऊन बसला. पूर्वी त्याला पगार होता, हजेरी होती, तक्रार करायला वरचा साहेब होता. आता त्याच्या हाती आपला आधार क्रमांक, आपला ओटीपी, आपल्या पासबुकाचा फोटो असतो, आणि तो कुणालाच बांधील नाही. बहुतेक तंबी प्रामाणिक असतात, ही समाजाची पुण्याई. व्यवस्थेचे त्यात श्रेय शून्य.

रेल्वेचेच घ्या. कुंभकोणम, श्रीरंगम, तंजावूर हे मांबलमच्या घराघरातले प्रवास. देवदर्शन, श्राद्ध, लग्नमुंज. तत्काळ तिकिटांवर दलालांनी आणि सॉफ्टवेअरच्या बॉट्सनी डल्ला मारला होता, म्हणून 1 जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट आधारने पडताळलेल्या खात्यालाच मिळू लागले, आणि खिडकीवरच्या तत्काळ तिकिटालाही ओटीपी लावायचे ठरले. चोर पकडण्यासाठी उपाय योग्यच. फक्त वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी 10 आणि बाकीच्यांसाठी 11 वाजता खिडकीसमोर उभ्या असलेल्या, नंबर मुलाच्या नावावर असलेल्या बाईंनी काय करायचे, हे त्या उपायात लिहिलेले नसते. याच रेल्वेने स्टेशनांवरच्या तिकिटांच्या यंत्रांपाशी निवृत्त कर्मचाऱ्यांना मदतनीस म्हणून, कमिशनवर, उभे केले आहे. यंत्रापुढे गोंधळलेला माणूस त्याच्या हातात सुटे पैसे ठेवतो आणि तिकीट घेतो. कल्पना इतकी साधी आणि चांगली की ती आपल्याच घरात आहे, हे रेल्वेच्या संगणक विभागाला ठाऊक नसावे.

करोनाच्या काळात हे सगळे उघडे पडले होते. 1 मे 2021 पासून 18 ते 44 वयोगटाला लस हवी तर कोविनवर नोंदणी सक्तीची होती. सर्वोच्च न्यायालयाने 31 मेच्या आदेशात डिजिटल दरीचा मुद्दा काढून सरकारला जाब विचारला. जूनमध्ये थेट केंद्रावर जाऊन नोंद करण्याची मुभा सर्वत्र मिळाली. म्हणजे दार उघडे ठेवणे अशक्य नव्हते.

महाराष्ट्रात ‘लाडकी बहीण’ योजनेच्या निमित्ताने तोच खेळ पुन्हा झाला. 2024 च्या पावसाळ्यात अर्ज अ‍ॅपवर भरायचे होते. भरले कोणी? अंगणवाडी सेविकांनी. अर्जामागे 50 रुपये जाहीर झाले. याच सेविकांना 2021 मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप इंग्रजीत आणि फोन निकृष्ट मिळाले, म्हणून राज्यभर त्यांनी फोन परत करण्याचे आंदोलन केले होते. सप्टेंबर 2025 मध्ये ‘लाडकी बहीण’साठी ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि त्यांच्या फोनवर येणारा ओटीपी लागे. संकेतस्थळ अडकू लागले, रात्री दोन वाजता उठून बायका प्रयत्न करू लागल्या. आणि ज्यांचा नवराही नाही, वडीलही नाहीत, त्यांचा ओटीपी कुणाकडे यायचा? हा प्रश्न फॉर्म तयार करताना कुणाच्या डोक्यात आला नाही. शेवटी मुदत वाढवावी लागली आणि अशा बायकांसाठी मृत्यूच्या दाखल्याची कागदी प्रत जमा करायची सोय काढावी लागली. कागद आणि माणूस, दोघांनाही परत बोलवावे लागले.

या अवघडलेपणाचा फायदा उठवायला एक वेगळाच मधला माणूस टपून आहे. तो व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या गणवेशात येतो, तुमच्या नावे पार्सल पकडले म्हणतो आणि घरातच ‘डिजिटल अरेस्ट’ करतो. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या प्रकाराबद्दल सावध केले. 2024 या वर्षात सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांचे 22,845 कोटी रुपये गेले, असे सरकारनेच संसदेत सांगितले. निवृत्त, एकट्या राहणाऱ्या, कायद्याला घाबरणाऱ्या माणसांची वस्ती हे या टोळ्यांचे आवडते शेत. ज्याला वर्षानुवर्षे बँकेने, गॅस कंपनीने, सरकारने ‘तुमचे खाते बंद होईल, लगेच केवायसी करा’ असे एसएमएस पाठवले, त्याला चोराचा एसएमएस वेगळा कसा वाटावा? 1930 हा मदतीचा क्रमांक आहे. पण मामांना त्या घटकेला फोन नंबरापेक्षा समोर बसलेला, ओळखीचा बँकेतला माणूस हवा असतो, आणि शाखेत तो ‘अ‍ॅपवर करा ना, सर’ म्हणून सांगण्यात गुंतलेला असतो. सत्तरीच्या पुढच्या ग्राहकांना घरपोच बँकसेवा द्या, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2017 मध्येच बजावले आहे. आपल्या शाखेत याची विचारणा करून पाहावी. उत्तर मनोरंजक असू शकते.

स्पेनमध्ये 2022 साली हाच राग रस्त्यावर आला. व्हॅलेन्सियातले निवृत्त मूत्रविकारतज्ज्ञ कार्लोस सान हुआन, वय 78, पार्किन्सनने हात थरथरणारे. बँकेच्या यंत्रापुढे झालेल्या अपमानाला कंटाळून त्यांनी मोहीम काढली: ‘मी म्हातारा आहे, मूर्ख नाही.’ सहा लाखांहून जास्त सह्या जमल्या. फेब्रुवारीत त्या माद्रिदच्या अर्थखात्यात पोचल्या आणि त्याच महिन्यात बँकांनी काउंटरच्या वेळा वाढवण्याचे कबूल केले. निवृत्त डॉक्टरला अशिक्षित म्हणण्याची सोय नव्हती, म्हणून कदाचित बँकांना ऐकून घ्यावे लागले.

आपल्याकडेही कायदा या दिशेने वळला आहे. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. अर्जदारांत अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया होत्या. केवायसीसाठी कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावा, अशी अट. आणि ज्यांच्या पापण्याच उरल्या नाहीत त्यांनी मिचकावायचे कसे? न्यायालयाने 20 निर्देश दिले, त्यात डोळे मिचकावण्याला पर्याय द्यावा आणि कागदावरच्या केवायसीची वाट चालू ठेवावी, हेही होते. निर्देश अपंगांच्या संदर्भातले आहेत. पण लाचखोरी रोखायची म्हणून, खर्च वाचवायचा म्हणून किंवा नुसतीच आधुनिक दिसायची हौस म्हणून जिथे जिथे खिडकी बंद केली जाते, तिथे हा न्याय लावायला हरकत नसावी. फक्त ऑनलाइन मिळेल, अशी कोणतीही सरकारी किंवा बँकेची सेवा असूच नये.

‘आजची पिढी म्हातारी होईल तेव्हा हा प्रश्नच उरणार नाही,’ असे एक उत्तर नेहमी मिळते. 1995 मध्ये भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुले झाले, त्यानंतर काही वर्षांतच चेन्नईच्या गल्लीबोळांत ‘ब्राउझिंग सेंटर’ उघडली. त्या काळात तिथे बसून मुलाला अमेरिकेत ईमेल करणारे चाळिशीतले बाप आज मांबलमचे मामा आहेत. त्यांना तेव्हा सगळे येत होते. यंत्र बदलले, डोळे बदलले, बोटे थरथरू लागली. आज चाळिशीत असलेल्यांनी निश्चिंत राहायचे कारण नाही.

यावरचा उपाय इथेच डोळ्यांपुढे आहे. मांबलम स्टेशन ते टी. नगर बस टर्मिनस असा सुमारे 570 मीटरचा स्कायवॉक मे 2023 मध्ये खुला झाला. त्याला जिने आहेत, सरकते जिने आहेत आणि लिफ्टही आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला आधी जिने चढण्याचा वीस तासांचा अभ्यासक्रम करा, असे महापालिकेने सांगितले नाही.

माणसाला बदलायला न सांगता सोयच बदलणे तमिळनाडू सरकारलाही इतरत्र जमले आहे. ऑगस्ट 2021 पासून रक्तदाब-मधुमेहाची औषधे घेऊन आरोग्य कर्मचारी दारी जाऊ लागले. ऑगस्ट 2025 मध्ये सत्तरीच्या पुढच्या किंवा अपंग अशा 21 लाखांहून जास्त लोकांसाठी घरपोच रेशनची योजना सुरू झाली. वजनकाटा आणि आधार पडताळण्याचे यंत्र गाडीत घालून माणूस दारात येतो. डिजिटल व्यवस्था तीच, नोंद तीच. चालत कोण जाणार, एवढाच बदल. पोस्टमनही हयातीचा दाखला घरी येऊन करून देतो. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा त्यासाठीचा दर 70 रुपये. हे 70 रुपये पेन्शनरने का भरायचे, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. दाखला सरकारला हवा आहे. खिडकी, तिच्यामागचा कारकून, कागद, शिक्का यांचा खर्च सरकारचा वाचला आहे.

महाराष्ट्रात असा मधला माणूस शोधायला दूर जावे लागत नाही. ग्रामपंचायतीत बसणारा संगणक परिचालक तिथे आहेच. भारतनेटची केबल पंचायतीपर्यंत पोचली, तरी सातबारा, जन्मदाखला, पीएम किसानची केवायसी, पीकविम्याचा अर्ज हे सगळे त्याच्या किंवा तिच्या बोटांतून जाते. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी आली, त्यात शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचा फोटो टाकायचा. ज्याला जमत नाही तो पुन्हा गावातल्या कुणा जाणत्याच्याच दारी जातो. या परिचालकांनी वर्षानुवर्षे सात हजारांच्या आसपासच्या मानधनावर काम केले, तेही महिनोन् महिने थकलेले. आझाद मैदानात आणि नागपूरच्या अधिवेशनावर त्यांचे मोर्चे निघत राहिले. मागणी एकच, ग्रामपंचायतीचे कर्मचारी म्हणून मान्यता आणि किमान वेतन. नव्या पोर्टलच्या निविदेत सर्व्हरचा, सॉफ्टवेअरचा, जाहिरातीचा आणि उद्घाटनाच्या मांडवाचा खर्च धरलेला असतो. त्याच तक्त्यात या माणसाच्या पगाराची ओळ घालून घ्यावी, आणि ती ओळ नसेल तर वित्त विभागाने फाइल परत पाठवावी.